आम्ही आपलं ऐकतो

सोमवारी सकाळी सव्वासहाला अप्पांनी हॉलमधून हाक मारली, "अरे, पैसे गेले!"

आमच्या घरात ही हाक साधी नाही. अप्पांनी एकतीस वर्षं नाशिकरोडला प्रेसमध्ये काढली आहेत. 'करन्सी नोट प्रेस' हे नाव कागदोपत्री. जेल रोडपासून देवळालीगावापर्यंत कुणालाही विचारा, तो नुसता 'प्रेस'. १९२८ पासून तिथं नोटा छापतात. अप्पांच्या सांगण्याप्रमाणे, मोजणीत एक कागद कमी भरला तर तो सापडेपर्यंत साहेबापासून शिपायापर्यंत कुणीही घरी जात नसे. असा माणूस 'पैसे गेले' म्हणतो तेव्हा ब्रश तोंडात तसाच ठेवून धावावं लागतं.

अप्पा खुर्चीत ताठ बसले होते. डाव्या हातात फोन, उजव्या हातात भिंग.

"काल झोपताना होते. आता नाहीत."

रात्रीतून बँकेचं ॲप 'अपडेट' झालं होतं. बँकेचं नाव मी सांगणार नाही. अप्पांची पेन्शन तिथं जमा होते आणि माझं घरकर्जही तिथंच आहे. दोन्हीकडून अडकलेल्या माणसाने जपून बोलावं. कालपर्यंत ॲप उघडलं की पहिल्याच पानावर शिल्लक दिसायची, काळ्या ठसठशीत आकड्यांत. अप्पा रोज चहाच्या आधी ती बघत. काढायचं काही नसे, भरायचंही नसे. नुसते आहेत ना, एवढं बघायचं. काही लोक उठल्या उठल्या तळहात बघतात, तसं. आज त्या जागी एक तरुण जोडपं गाडीची किल्ली नाचवत हसत होतं आणि खाली लिहिलं होतं, 'खास आपल्यासाठी पूर्वमंजूर वाहनकर्ज!' अप्पा एकोणऐंशी वर्षांचे आहेत.

शिल्लक होती. जोडप्याच्या पायाशी एका मिटलेल्या डोळ्याचं चित्र होतं. त्यावर बोट ठेवलं की डोळा उघडायचा आणि आकडा दिसायचा, पण चारच सेकंद. अप्पा डोळा दाबून भिंग नेमकं धरेपर्यंत तो मिटून जायचा. पुन्हा दाबा, पुन्हा भिंग, पुन्हा मिटला. नाशिककरांना तिसऱ्या डोळ्याचं तसं नवल नाही. त्र्यंबकेश्वर शहरापासून तीसेक किलोमीटरवर आहे. पण तो डोळा उघडला की समोरचं भस्म होतं, अशी आमची आजवरची समजूत. इथं डोळा मिटला की भस्म होत होतं, आणि तेही निवृत्तिवेतन.

"यांना कळवलं पाहिजे," अप्पा म्हणाले.

'अभिप्राय द्या' हे बटण शोधण्यात एक चहा झाला, दुसरा झाला. ते 'अधिक'मध्ये नव्हतं. 'सेटिंग'मध्ये नव्हतं. 'मदत'मध्ये होतं, पण मदत मागून झाल्यावर 'ही मदत कशी वाटली?' असं जे विचारतात त्याच्या खाली, बारीक अक्षरांत. मर्यादा अडीचशे अक्षरांची. अप्पा सांगू लागले, "प्रति, माननीय मुख्य व्यवस्थापकसाहेब यांसी, सविनय नमस्कार, विनंती विशेष. विषय : शिल्लक रक्कम दर्शनी भागात न दिसल्याने ज्येष्ठ नागरिकांची होणारी गैरसोय दूर करणेबाबत. संदर्भ..." संदर्भ सुरू होतो न होतो तोच अक्षरं संपली. तसंच पाठवलं. सेकंदभरात उत्तर आलं.

'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. आम्ही आपलं ऐकतो.'

अप्पांना बरं वाटलं. मला नाही वाटलं, आणि त्याला कारण आपली मराठी. 'आम्ही आपलं ऐकतो' या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, तुमचं म्हणणं आम्ही ऐकतो. दुसरा, पाहुणे बोलत बसतात, आम्ही आपलं ऐकतो. म्हणजे करायचं काहीच नसतं, कानाला झाकण नसल्यामुळे आवाज आत जातो इतकंच. हे वाक्य ज्याने कुणी मराठीत आणलं, मग तो माणूस असो की यंत्र, त्याच्या हातून चुकून खरं लिहून गेलं.

शेजारच्या वहिनी 'आमचा धाकटा अजिबात ऐकत नाही' म्हणतात, तेव्हा त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेत नाहीत. मराठीत ऐकणं म्हणजे सांगितलेलं करणं. त्याच्या खालच्या पायरीवर 'ऐकून घेणं' आहे. ते सुनांनी आणि कारकुनांनी करायचं. आणि वरच्या पायरीवर 'ऐकवणं' आहे. ते ज्याच्या हातात काही आहे त्याने करायचं. कंपनी ऐकून घेत असते. आपल्याला वाटतं ऐकतेय. आणि आपली सगळी हौस ऐकवण्याची.

तिसऱ्या दिवशी संदेश आला, 'आपली तक्रार यशस्वीरीत्या निकाली काढण्यात आली आहे.' अप्पांनी लगबगीने ॲप उघडलं. जोडपं हसतच होतं. खाली प्रश्न होता, 'तक्रार निवारणाचा अनुभव कसा वाटला?' आणि पाच चेहरे, रडव्यापासून हसऱ्यापर्यंत. अप्पांनी भिंगातून पाचही चेहरे तपासले, गुन्हेगार ओळखायला बोलावल्यासारखे, आणि रडव्यावर बोट ठेवलं. पडद्यावर रंगीबेरंगी कागदाचे कपटे उडाले. 'धन्यवाद!'

हे दुखणं एकट्या अप्पांचं नाही. २००६ च्या ५ सप्टेंबरला फेसबुकने 'न्यूज फीड' आणलं. तोवर मित्राचं काय चाललंय ते बघायला त्याच्या पानावर जावं लागे. त्या दिवसापासून सगळ्यांचं सगळं प्रत्येकाच्या ओट्यावर येऊन पडू लागलं. पोरं खवळली. निषेधासाठी फेसबुकवरच गट निघाला आणि काही दिवसांत त्यात लाखो जण शिरले. मार्क झकरबर्गने जे उत्तर लिहिलं त्याचा मथळा असा होता : शांत व्हा, श्वास घ्या, आम्ही ऐकतोय. पुढे दिलगिरी आली, कुणाला काय दिसावं याची थोडी बटणंही आली. फीड मात्र जागचं हललं नाही. गंमत म्हणजे तो निषेधाचा गट एवढा फुगला तो फीडमुळेच. 'तुमचा अमका मित्र गटात सामील झाला' ही बातमी घरोघर पोचवत होतं कोण? एसटीच्या भाडेवाढीविरुद्ध मोर्चा, मोर्चाला जायला एसटी, आणि संध्याकाळी उत्पन्न वाढलं म्हणून डेपोत पेढे, अशातली गत.

मायक्रोसॉफ्टचं प्रकरण याहून घरगुती आहे. विंडोज ९५ पासून पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात स्टार्टचं बटण बसलेलं होतं. सतरा वर्षं. त्याच्या भरवशावर लोकांनी नोकऱ्या केल्या, टॅली शिकले, निवृत्त झाले. २०१२ च्या ऑक्टोबरात विंडोज ८ आलं आणि बटण गायब. त्या जागी पडदाभर रंगीत फरश्या. जगभर एवढी ओरड झाली की वर्षभरात, १७ ऑक्टोबर २०१३ ला, ८.१ आलं आणि बटण परत मिळालं. लोकांनी हर्षभराने ते दाबलं. त्या फरश्याच आल्या! बटण दिलं होतं, मेनू नव्हता दिला. आहेराचं पाकीट परत केलं, आतली नोट ठेवून घेतली. मेनू यायला २०१५ चा जुलै उजाडला, विंडोज १० बरोबर. आणि सगळं स्थिरस्थावर झालंसं वाटतंय तोच २०२१ मध्ये विंडोज ११ ने ते बटण उचलून पडद्याच्या मध्याकडे नेऊन ठेवलं. देवघर उचलून दिवाणखान्याच्या मधोमध. पण सेटिंगमध्ये जाऊन ते पुन्हा डाव्या कोपऱ्यात नेता येतं, हे कबूल केलं पाहिजे. तेवढे शिकलेत.

शनिवारी पुतणी पुण्याहून आली. ती हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. बटणं कुठे ठेवायची हे ठरवणं, हेच तिचं काम. अप्पांना हे आजवर नीट ठाऊक नव्हतं. 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढंच ते लोकांना सांगत. रविवारी सकाळी सगळे मखमलाबादच्या बाजूला एका मळ्यातल्या मिसळीला निघालो आणि गाडीतच गुन्हा उघडकीला आला.

"म्हणजे हे तू करतेस?"

"आजोबा, त्या बँकेचं नाही हं."

"पण असलंच."

"असलंच," ती म्हणाली. पोर प्रामाणिक आहे.

या मळ्याचं एक सांगायला हवं. मागच्या वर्षी मालकाने टेबलावरचं रश्श्याचं भांडं काढून टाकलं होतं. प्रत्येक टेबलावर एक छोटी घंटी ठेवली आणि भिंतीवर पाटी, 'रस्सा हवा असल्यास घंटी वाजवावी'. नाशिकच्या माणसाला मिसळीबरोबर रस्सा मागायला लावणं म्हणजे रामकुंडावर पाण्याची कुपनं वाटण्यासारखं आहे. लोक चिडले. कुणी अर्ज भरला नाही, तारे दिले नाहीत; तिथल्या तिथे, तोंडात पाव असताना, "शेठ, हा काय प्रकार?" म्हणून विचारलं. तिसऱ्या रविवारी घंटी गेली, भांडं परत आलं.

मी पुतणीला हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. "याला म्हणतात ऐकणं. तुमच्या त्या कंपन्यांनी इथं येऊन शिकावं." एवढ्यात मालक गल्ल्यावरून उठून आमच्याकडे आले, तेव्हा मी त्यांनाही म्हटलं, "शेठ, भांडं परत ठेवलंत, आमचं ऐकलंत, बरं झालं."

"तुमचं कुठलं हो," शेठ म्हणाले. "पोरं वैतागली माझी. मिनिटाला चार घंट्या. दोघं काम सोडून जायला निघाले."

पुतणी पापड मोडत गालातल्या गालात हसत होती. मला मिसळ एकदम तिखट लागली.

"काका, हेच," ती म्हणाली. "गिऱ्हाईक बोलतं ते कुणीच ऐकत नाही. धंद्याला कुठे ठणकतं ते मात्र सगळे ऐकतात."

मग तिने अप्पांना सगळं समजावून सांगितलं. नवं बटण आणायचं असलं की थोड्या लोकांना ते दाखवतात, बाकीच्यांना जुनंच. दोघांनाही पत्ता नसतो. मग कोण कितीदा कुठे बोट ठेवतं ते मोजतात. ज्यावर बोटं जास्त ते राहतं. बदल केला की पहिले काही आठवडे शिव्या येतात, त्या सगळ्यांनी धरूनच ठेवलेल्या असतात. लग्नात मानपानाची कुरबुर धरलेली असते तशा. "आम्ही ऐकतो आजोबा, पण तोंडाचं नाही. बोटाचं."

गूगलमध्ये एकदा दोन निळ्यांपैकी कुठला घ्यायचा हे ठरेना, म्हणून मधल्या एक्केचाळीस निळ्या छटा लोकांना दाखवून बोटं मोजली होती. डग्लस बोमन नावाचे तिथले मुख्य दृश्यरचनाकार २००९ मध्ये नोकरी सोडून गेले आणि जाताना ही गोष्ट लिहून गेले. अप्पांना हा बोमन एकदम जवळचा वाटला. "आमच्याकडे शाईच्या एका छटेवरून दोन-दोन दिवस वाद चालायचे," ते म्हणाले. "पण छटा बघायचा तो माणूस. डोळ्याने. रस्त्यावरच्या माणसाचं बोट नाही मोजलं कधी."

इथं पुतणीने डाव टाकला. "आजोबा, मग २०१६ ला नोटा बदलल्या तेव्हा कुणाचं बोट विचारात घेतलं होतं?"

"मी दहा वर्षं आधी निवृत्त झालो होतो," अप्पा म्हणाले. पण आवाज पडला होता.

कारण नोट हीसुद्धा शेवटी हातात धरून वापरायचीच गोष्ट. जुनी पाचशेची नोट १६७ मिलिमीटर लांब आणि ७३ रुंद होती. नवी १५० बाय ६६. आपल्याला काय, पाकिटात बरी बसते. पण ज्यांना दिसत नाही ते नोट बोटांनी मापून ओळखत. कित्येक वर्षांची ती मापं एका रात्रीत निकालात निघाली. कडेला उठावदार तिरक्या रेघा आहेत, शंभरावर चार आणि पाचशेवर पाच. पण दहा हात फिरलेल्या नोटेवर त्या बोटाला लागत नाहीत, अशी तक्रार होती. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड मुंबई उच्च न्यायालयात गेली. १ जानेवारी २०२० ला रिझर्व्ह बँकेने उपाय काढला. नोट फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरायची, आणि किती रुपयांची ते फोन बोलून सांगतो. 'मनी' नावाचं ॲप! बोटाची तक्रार होती, उत्तर कॅमेऱ्याचं मिळालं. काहींना त्याचा उपयोग होतही असेल, नाही म्हणत नाही. भाजीवालीसमोर उभं राहून प्रत्येक नोटेचा फोटो काढण्याएवढी सवड तिला आणि त्यांना मिळो.

अप्पांनी रश्श्याचं भांडं ओढून घेतलं आणि बराच वेळ कुणाशी बोलले नाहीत.

पुतणीचं म्हणणं मला पटलं आणि पटल्याचा रागही आला. घरी येऊन रागाचं कारण सापडलं. तोंड खोटं बोलतं आणि बोट खरं, असं ही मंडळी धरून चालतात. आमच्या अप्पांचं बोट घ्या. त्या आठवड्यात त्यांनी मिटलेल्या डोळ्यावर शंभर वेळा तरी बोट ठेवलं असेल. बँकेच्या दफ्तरी त्याची नोंद काय होणार? डोळा अत्यंत लोकप्रिय आहे. भिंग सावरताना त्यांचा अंगठा चार वेळा त्या हसऱ्या जोडप्याला लागला. म्हणजे एकोणऐंशीव्या वर्षी अप्पांना गाडी घ्यायची आहे. ही माझी थट्टा नाही, मंगळवारी वाहनकर्जाचा फोन आला. अप्पांनी त्या मुलाला अर्धा तास शिल्लक कशी दिसत नाही ते विस्ताराने सांगितलं. त्या सगळ्या प्रकरणात शेवटपर्यंत ऐकून घेणारा तो एकटाच.

बोटाचंही नाही आणि तोंडाचंही नाही, अशी एक तिसरी जात आहे : ज्याला ऐकवता येतं त्याचं. २०१८ मध्ये स्नॅपचॅटने आपली मांडणी बदलली, तेव्हा जुनी परत द्या म्हणून बारा लाखांहून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या. कंपनी म्हणाली, होईल सवय. मग फेब्रुवारीत कायली जेनर या अमेरिकन प्रसिद्ध बाईंनी, हल्ली स्नॅपचॅट उघडतं तरी का कुणी, अशा अर्थाचं एक वाक्य ट्विटरवर टाकलं. कंपनीच्या शेअरचं बाजारमूल्य एका दिवसात सुमारे १३० कोटी डॉलरने उतरलं. मे महिन्यात काही गोष्टी पूर्वीच्या जागी आल्या. बारा लाख सह्या विरुद्ध एक बाई.

आपल्याकडे अशा बाई होत्या निर्मला सीतारामन. ७ जून २०२१ ला आयकराचं नवं संकेतस्थळ सुरू झालं, इन्फोसिसने बनवलेलं. लोकांची ओरड सुरू झाली. दुसऱ्याच दिवशी अर्थमंत्र्यांनी ट्विटरवर इन्फोसिसला आणि नंदन नीलेकणींना जाहीरपणे ऐकवलं. नीलेकणींनी खेद कळवला, आठवड्याभरात घडी बसेल म्हणाले. ऑगस्ट उजाडला तरी बसली नाही, तेव्हा २३ तारखेला कंपनीचे मुख्याधिकारी सलील पारेख यांना दिल्लीला बोलावून १५ सप्टेंबरची मुदत दिली. विवरणपत्रं भरायची तारीख सरकत सरकत ३१ डिसेंबरवर गेली. तुमच्याआमच्या तक्रारीला तक्रार क्रमांक मिळतो. अर्थमंत्र्यांच्या तक्रारीला मुख्याधिकारी मिळतो.

सरकार स्वतः मात्र कधीकधी अनपेक्षितपणे ऐकतं. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद आपणच फोनवरून करायची, ती ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यभर सुरू झाली. निफाडपासून सटाण्यापर्यंत शिव्या पडल्या नाहीत असं गाव नसेल. पण पुढच्याच वर्षी दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात केलेली नोंद ४८ तासांत स्वतः दुरुस्त करायची सोय होती. कांद्याच्या जागी चुकून द्राक्षं लागली तर दोन दिवसांत ती उपटता येतात. हे ज्याला सुचलं त्याने चिखलात उभं राहून फोन चालवून बघितला असला पाहिजे.

व्हॉट्सॲपही एकदा वठणीवर आलं होतं. २०१७ च्या फेब्रुवारीत त्यांनी नावाखालची ती एका ओळीची पाटी काढून टाकली. कुणाची 'बिझी', कुणाची 'जय हरी', कुणाची सात वर्षं 'बॅटरी लो'. त्याऐवजी चोवीस तासांत आपोआप उतरणारी चित्रं आणली. लोकांनी एवढा गिल्ला केला की मार्चमध्ये पाटी परत आली. चित्रंही राहिली. आता आमच्या गृहसंकुलातली निम्मी मंडळी सकाळी उठून तीच चित्रं चढवतात. तेव्हा गिल्ला करणाऱ्यांत मीही होतो. माझीही चढतात.

आणि एवढं लिहिल्यावर स्वतःचं सांगितलं नाही तर पुतणी नाव ठेवेल. मी नाशिकमधल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात आहे. दोन वर्षांपूर्वी प्रवेश अर्जाचा नमुना मीच बदलला. जन्मतारखेचा रकाना पहिल्या पानावरून तिसऱ्यावर नेला, कारण पहिल्यावर शिक्का मारायला जागा पुरत नव्हती. शिक्का मीच मारतो. तेव्हापासून दर जूनमध्ये पोरं खिडकीशी येऊन विचारतात, "सर, जन्मतारीख कुठे लिहायची?" आणि मी मान वर न करता म्हणतो, "नीट वाचा." खिडकीशेजारी सूचनापेटी आहे. तिची किल्ली आधीच्या अधीक्षकांकडे होती. ते निवृत्त होऊन सावंतवाडीला गेले.

अप्पांनी शेवटी लेखणी उचलली. फुलस्केप, तीन पानं, एका बाजूला समास. अक्षरमर्यादा नसल्यामुळे 'माननीय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत सगळं बसलं. 'ॲप' हा शब्द अकरा वेळा आला आणि अकराही वेळा 'अ'वरचा चंद्र जागच्या जागी होता. हे सोपं नाही. संगणकांच्या जागतिक लिपिसंचात, युनिकोडमध्ये, 'ॲ' हे अक्षर स्वतंत्रपणे दाखल झालं ते २००८ साली. तोवर 'अ'वर चंद्र चढवायला जावं तर काही संगणकांवर तो शेजारच्या ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसायचा. 'ल' आणि 'श' यांची कथा तर संपलेलीच नाही. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' कसे असावेत याचा शासन निर्णय ६ नोव्हेंबर २००९ ला निघाला, तरी अजून कितीतरी फोनांवर हिंदी वळणाचेच उमटतात. अप्पा भिंगातून ते बघतात आणि म्हणतात, "हा 'ल' आपला नाही." पत्रात मात्र सगळे 'ल' आपले होते.

पत्र घेऊन आम्ही दोघं पोस्टात गेलो. अप्पांना ते रजिस्टरनेच पाठवायचं होतं, पोचपावतीसह. पोचपावतीच्या कार्डावर घेणाऱ्याची सही होऊन ते परत येतं. म्हणजे पलीकडे एक हाडामांसाचा माणूस आहे हे सिद्ध होतं. आपली तक्रार माणसाच्या हातात पडली की नाही, एवढंच त्यांना हवं होतं.

खिडकीतला मुलगा सौजन्याने म्हणाला, "आजोबा, रजिस्टर आता वेगळं राहिलं नाही. स्पीड पोस्टमध्येच गेलं."

खरं आहे, २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं.

"कुणाला विचारून?" अप्पांनी विचारलं.

मुलाने माझ्याकडे बघितलं. मी डिंकाच्या बाटलीकडे बघितलं.

"बरं. आणि पोच?"

"मोबाइलवर येईल, आजोबा."

पत्र गेलं. शुक्रवारी फोन दोनदा वाजला, म्हणजे पोच आली असणार. ती बघायला कुठे बोट ठेवायचं, ते आम्ही दोघं अजून शोधतो आहोत.